राणीचं डोकं

१

सुईताईचं पत्र येऊन बरेच दिवस उलटून गेले होते आणि वाचककाकांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र लहान होतं. ‘काका,’ तिनं लिहिलं होतं, ‘पेटी भरताना तुम्ही तिथेच उभे होतात. राणीचं डोकं मी डब्यात ठेवलं ते तुम्ही पाहिलंत. एवढंच दादांना सांगा. पाहिलं नसेल तर तसं मला कळवा, म्हणजे मी वाट पाहणं थांबवीन.’

काकांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. पाकीट तयार होतं, त्यावर पत्ता होता, तिकीटही चिकटवलेलं होतं. आत घालायला मात्र काही नव्हतं. पाहिलं होतं का? कापसात गुंडाळलेलं, दोन मुठींएवढं काहीतरी सुईताईनं गोल लाकडी डब्यात अलगद ठेवलं, झाकण लावलं, एवढं त्यांनी पाहिलं होतं. कापसाच्या आत राणीचं नाक होतं की कांदा, हे त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं. आणि शपथेवर सांगता येणार नाही ते बोलायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. त्या खोडीला ते स्वतः प्रामाणिकपणा म्हणत. अलीकडे मात्र त्यांना शंका येऊ लागली होती, की याला लोक भित्रेपणा म्हणत असावेत आणि लोकांचंच बरोबर असावं.

ते बाहुल्यांच्या खेळाचे वाचक होते. दादांच्या मंडळीत दोऱ्या हलवणारे वेगळे आणि बोलणारा वेगळा. काका पडद्यामागे स्टुलावर बसत, छोट्या दिव्याच्या उजेडात संहिता वाचत, आणि समोर राणी बोलते आहे असं प्रेक्षकांना वाटे. त्या राणीचं डोकं दादांच्या वडिलांनी कोरलेलं होतं. मानेत शिशाचा गोळा बसवलेला, त्यामुळे ती मान हलवी ती सावकाश, विचार करून. दुसऱ्या कुठल्याही बाहुलीला ते जमत नसे.

मागच्या दौऱ्यात मंडळी विमानानं परगावी गेली. तिकिटं मोजकीच होती, म्हणून कपडे शिवणारी सुईताई मागे राहिली. पेटी तिनं भरली, कुलूप दादांच्या जावईबापूंनी लावलं. तिकडे थिएटरात पोचल्यावर दादांनी कुलूप उघडलं, डबा उघडला, तर आत मागच्या काळ्या पडद्याचं कापड कोंबलेलं. राणीचं डोकं नाही.

कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली एकच, ती जावईबापूंच्या जुडग्यात. पेटी वाटेत कुठे उघडली का, असं विचारल्यावर जावईबापूंनी सरळ सांगितलं, “मी ती काउंटरवर दिली ती तिकडे पट्ट्यावरच पाहिली.” मग उरलं काय? डोकं पेटीत गेलंच नव्हतं. आणि पेटी भरणारी तर घरीच राहिली होती.

खापर सुईताईच्या डोक्यावर फुटलं. दौरा संपवून मंडळी परत आली त्या दिवशीच दादांनी तिचं येणं बंद केलं. बाहुल्यांच्या मंडळ्या असतात किती? मूठभर. त्या सगळ्यांच्या कानावर ही गोष्ट गेली होती. ज्या बाईनं राणीच्या शालूची किनार भिंगाखाली शिवली, ती आता तयार कपड्यांच्या दुकानात विजारींचे काठ दुमडत होती.

२

आज कार्यशाळेतल्या लांब टेबलावर पुन्हा पेटी उघडी पडली होती. उद्या सकाळी नवा दौरा, तेच विमानतळ. जावईबापू हातात फोन धरून नियम वाचत होते आणि बाकीचे, लग्नघरात उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे, आपापलं सामान घेऊन ताटकळत उभे होते.

“पातळ पदार्थ हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वर नाही. सुऱ्या, कात्र्या, पटाश्या, टोचे, सगळं खालच्या सामानात. पेटीत.”

“म्हणजे माझी पटाशी खाली आणि तुमची जीभ वर?” कोरक्या म्हणाला. मंडळीतल्या कोरीव काम करणाऱ्या सुताराला सगळे कोरक्याच म्हणत. “धार तर दोन्हीला आहे.”

“जिभेला नियम नाही.”

“तेच तर दुखणं आहे.”

दादा खुर्चीत बसून खोकले. “माझं औषध?”

“बाटली दाखवा. छे, ही दोनशेची आहे. चालणार नाही.”

“अहो, पण अर्धीच भरलेली आहे.”

“दादा, ते औषध मोजत नाहीत, बाटली मोजतात.”

“मग खोकलापण पेटीतच टाकतो,” दादा म्हणाले. जावयाशी ते नेहमी असंच बोलत, अर्धं चिडून आणि अर्धं जपून. लेक-जावई दादांच्याच घरी राहत होते. जावयाला ‘अहो’ म्हणायचं आणि त्याच्यावर आवाज चढवायचा नाही, हे दादा पाळत. आवाज चढवायला घरात इतर माणसं होती.

काकांनी आपला वाचनाचा दिवा आणि त्याची सुटी बॅटरी पुढे केली. बॅटरी चांगली जाडजूड, साबणाच्या वडीएवढी.

“दिवा कुठेही ठेवा,” जावईबापू फोनवरची नजर न काढता म्हणाले, “पण काका, बॅटरी या वेळी हातात घ्या. सुट्या बॅटऱ्या खालच्या सामानात अजिबात चालत नाहीत. मागच्या वेळेसारखी पेटीत नको.”

“हो हो,” काका म्हणाले आणि बॅटरी खिशात टाकून बाजूला झाले.

खिडकीपाशी गेल्यावर त्यांचे पाय थबकले.

मागच्या वेळी बॅटरी पेटीत होती, हे खरं. काकांनीच वेंधळेपणानं दिवा आणि बॅटरी सुईताईच्या हातात दिली होती: “ठेव गं कुठेतरी.” तिनं दोन्ही राणीच्या शालीत गुंडाळून डोक्याच्या डब्याशेजारी खोचली होती. तेव्हा खोलीत ती दोघंच होती. जावईबापू कुलूप लावायला आले तेव्हा पेटीचं झाकण लागलेलं होतं.

मग पेटीत बॅटरी होती हे यांना कळलं कसं?

३

काका अंगणातल्या बाकावर जाऊन बसले. पहिला विचार मनात आला तो हा, की आपण रहस्यकथा फार वाचतो. दुसरा विचार, सुईताईनं त्यांना नंतर सांगितलं असेल. पण सुईताईला नंतर बोलूच दिलं नव्हतं. दादांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

मग विमानातली गोष्ट आठवली.

विमानात त्यांच्या डोक्यावरचा दिवा लागत नव्हता. हातात पुस्तक होतं आणि ते उघडं ठेवून ते नुसतेच बसले होते. जावईबापू सगळ्यांत शेवटी, दार लागता लागता, धापा टाकत आत आले. पेटीच्या जास्त वजनाचे पैसे भरायला ते काउंटरवर थांबले होते आणि बाकीच्यांना त्यांनीच पुढे पाठवलं होतं. विमान वर गेल्यावर त्यांनी आपल्या बॅगेतून दिवा आणि बॅटरी काढली आणि काकांना दिली. “घ्या काका, वाचत बसा.” काका इतके खूश झाले, की वाचत बसले.

पेटी विमानाच्या पोटात होती. पेटीत ठेवलेला दिवा मांडीवर होता. आणि त्याच दिव्याच्या उजेडात त्यांनी दुसऱ्याच्या रहस्याची चाळीसेक पानं उलटली होती!

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आता एकेक गोष्ट नीट मांडायची. पेटी काउंटरवर गेली, तिथून तपासणीच्या यंत्रातून गेली. यंत्राला आत बॅटरी दिसली. अशा वेळी पेटीच्या धन्याला बोलावतात आणि त्याच्याकडूनच कुलूप उघडून घेतात. कुलूप तोडलेलं नव्हतं. म्हणजे किल्लीनं उघडलं. किल्ली एकच.

पेटी उघडली होती, एवढं नक्की. पण त्यावरून डोकं कोणी घेतलं हे कुठे सिद्ध होत होतं? जावईबापूंनी बॅटरी तेवढी काढली असेल. सुईताईनं डबा आधीच कापड घालून बंद केला असेल. दादा असंच म्हणतील. आणि दादांनी असं म्हटलं की काकांची बोबडी वळेल, हेही काकांना ठाऊक होतं.

“काय काका, उन्हात मुरताय का?” कोरक्या बिडी ओढायला बाहेर आला होता.

काकांनी धीर केला. “तुला एक विचारू का? रागावू नकोस.”

“रागावायचं की नाही ते विचारल्यावर ठरवू.”

“तिकडे राणीचं डोकं नव्हतं, तेव्हा तू आपल्या बॅगेतून दुसरं डोकं काढून दिलंस. तयार. रंगवलेलं. ते तुझ्याकडे कसं होतं?”

बिडी विझली तरी कोरक्या ती ओढत होता.

“म्हणजे संशय माझ्यावरही आहे म्हणायचा,” तो अखेर म्हणाला. “बरं झालं कोणीतरी विचारलं. सगळे नुसते पाठीमागे कुजबुजतात. चार वर्षं ते डोकं मी बरोबर वागवतोय, काका. दादा एकदा तरी बघतील म्हणून. त्या दिवशी बघितलं, तेही नाइलाजानं. मान फार पटकन हलते म्हणाले.”

“हातातल्या बॅगेत होतं?”

“हातातच. तपासणीवाल्यानं बॅग उघडायला लावली, डोकं वर काढलं, यंत्रातून दोनदा फिरवलं. पोकळ आहे, आरपार दिसलं, दिलं परत. मी मुद्दाम शिसं घातलं नव्हतं. शिसं असलं की यंत्राला आतलं काही दिसत नाही, नुसता काळा गोळा. आणि जे दिसत नाही ते ती माणसं विमानात नेऊ देत नाहीत. मान कापून आत बघू म्हणतात, नाहीतर ठेवून जा म्हणतात.” कोरक्यानं बिडीचं थोटूक टाकलं. “थोरल्या राणीला मी विमानात हातात धरून कधीच नेलं नसतं. तिच्या मानेत अख्खा गोळा आहे.”

काका उठून उभे राहिले.

“काय झालं?”

“काही नाही,” काका म्हणाले. “तू तिला चोरलेलं नाहीस.”

“ते मला माहीत होतं,” कोरक्या म्हणाला.

४

दादा आपल्या खोलीत खोकल्याचं औषध एका लहान बाटलीत ओतत होते आणि निम्मं टेबलावर सांडत होते. काकांनी बाटली धरली.

“दादा, तिकडे पहिल्या खेळाला मागच्या पडद्यावर सुरकुत्या होत्या, आठवतंय?”

“सुरकुत्या? चौकटी होत्या चौकटी! घडीच्या. राणी दरबारात उभी आहे आणि मागे जणू गणिताची वही टांगली आहे. तुमच्या त्या सुईताईनं जाता जाता तेवढंही धड केलं नाही.”

“ती घडी घालते का कधी?”

दादांचा हात थांबला. त्या घरात सगळ्यांना हे माहीत होतं. सुईताई कापडाची घडी घालत नसे. दिव्याखाली घडीची रेघ दिसते म्हणून बाहुलीच्या रुमालापर्यंत सगळं ती गुंडाळून ठेवी. कोणी घडी घातली, तर ते उलगडून पुन्हा गुंडाळी, आणि गुंडाळताना घालणाऱ्याचा उद्धार करी.

“घाईत घातली असेल,” दादा म्हणाले. पण आवाज उतरला होता.

“मागचा पडदा काठीवर गुंडाळलेला होता, दादा. एक टोक तिनं धरलं, दुसरं मी. आणि ती काठी आम्ही पेटीत सगळ्यात शेवटी ठेवली. डोक्याचा डबा त्याआधीच बंद होऊन पेटीत गेला होता. डबा बंद झाला तेव्हा ते कापड काठीवर होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शपथेवर सांगतो.”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर काकांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. इतके दिवस ते एका कापसाच्या गोळ्याला चिकटून बसले होते. आत डोकं दिसलं की नाही, दिसलं की नाही! आणि जे स्वच्छ दिसलं होतं, हाताला लागलं होतं, त्याच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं.

“मग काठी?” दादांनी विचारलं.

“तिकडे पेटीत काठी होती. उघडी. तुम्हीच ती कोपऱ्यात भिरकावलीत.”

दादांना ते आठवत असावं. त्यांनी औषधाची बाटली खाली ठेवली.

“म्हणजे डब्यात कापड नंतर कोंबलं. कोणी?”

काका टेबलावर सांडलेलं औषध पुसू लागले.

“काका, मी विचारतोय. कोणी?”

“ज्याच्याकडे किल्ली होती,” काका म्हणाले, आणि त्याच वेळी दारात जुडग्याचा आवाज झाला.

५

जावईबापू दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

“अहो, तुम्ही पेटी उघडली होतीत?” दादांनी विचारलं. जावयाशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला होता, सवयीनं.

“मी तेव्हाच सांगितलंय. काउंटरवर दिली ती...”

“मग माझी बॅटरी तुमच्याकडे कशी आली?” काकांनी विचारलं. “विमानात तुम्ही मला दिवा दिलात. तो पेटीत होता. मघाशी तुम्हीच म्हणालात, मागच्या वेळेसारखी पेटीत नको.”

जावईबापूंचा हात किल्ल्यांच्या जुडग्यावर गेला. नियम पाठ असलेला माणूस, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच नियमात नव्हतं.

“मला वाटतं,” काका म्हणाले, आणि ‘मला वाटतं’ म्हटल्याशिवाय त्यांना पुढे जाताच येत नसे, “मला वाटतं, चोरी झालेलीच नाही. चोरी करायची तर डोकं कुठे नेणार? पेटीत तर ते राहिलं नाही. हातात घेऊन विमानात चढायचं, तर मानेत शिसं. यंत्राला आतलं दिसत नाही, म्हणजे तपासणीवाले सोडणार नाहीत. पेटीतून ते निघालं आणि विमानात आलं नाही. मग ते विमानतळावरच राहिलं असलं पाहिजे. चुकत असेन तर सांगा.”

“चुकत असाल तर बरं झालं असतं,” जावईबापू म्हणाले आणि पलंगाच्या कडेला बसले.

थोडा वेळ ते आपल्या किल्ल्या मोजल्यासारख्या चाळवत राहिले.

“मला त्या खोलीत बोलावलं,” ते सांगू लागले. “पेटी उघडा म्हणाले. बॅटरी, दिव्याची वायर आणि शेजारी तो काळा गोळा, यंत्रात ते सगळं एकत्र दिसलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि माझ्याही. मी सगळं बाहेर काढून दाखवलं. बाहुली आहे म्हटल्यावर हसले. म्हणाले, बॅटरी तेवढी काढा, बाकीचं राहू द्या.”

“मग डोकं का काढलंत?” दादांनी विचारलं.

“तुमच्यामुळे!” जावईबापूंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “राणी मांडीवर न्यायची, पेटीत टाकायची नाही, हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत? वजनाचा नियम आहे म्हणून मी ती पेटीत घालायला लावली. आणि तिथे पाहिलं, तर माणसं पेट्या कशा फेकत होती! म्हटलं, फुटली तर दादा मला आयुष्यभर ऐकवतील. काढून माझ्या बॅगेत घातली. रिकामा डबा खुळखुळेल, दबेल, म्हणून हाताला आलं ते कापड घडी करून त्यात भरलं. आणि वर गेलो, तर हातातल्या बॅगांच्या तपासणीवर ती अडकली. मान कापा नाहीतर ठेवून जा. मान कशी कापू? विमानाची शेवटची हाक चालू होती. ठेवून आलो.”

“आणि तिकडे आल्यावर सांगितलं का नाहीत?”

“सांगणार होतो. रात्री शांतपणे सांगू म्हटलं. तुम्ही थिएटरात पोचताच डबा उघडलात आणि ओरडलात, ज्यानं राणी घालवली त्याला माझ्या घरात जागा नाही. दादा, मी तुमच्याच घरात राहतो.”

भिंतीपलीकडे कोरक्या पेटीत पटाश्या मांडत होता, त्याचा खडखडाट येत होता.

“दोनदा जाऊन आलो तिथे,” जावईबापू हळू आवाजात म्हणाले. “देत नाहीत. वस्तूच्या मालकाला घेऊन या म्हणतात. मालकाला काय सांगून नेणार होतो? आता मुदत संपत आली आहे. मुदत संपली की ते सगळं मोडीत काढतात.”

“राणी अजून तिथे आहे?” दादा उठून उभे राहिले.

“मला एक विचारायचंय,” काका मधेच म्हणाले. “सुईताईचं येणं बंद केलं, तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात.”

“होतो,” जावईबापू म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. काकांनीही पुढे काही विचारलं नाही. ते स्वतःही तिथेच उभे होते.

६

दुसऱ्या दिवशी मंडळी वेळेच्या बरीच आधी विमानतळावर पोचली. तपासणीच्या अलीकडे, स्वच्छतागृहांच्या बोळात, राहिलेल्या वस्तूंची खिडकी होती. आतल्या बाईनं दादांना ओळखपत्र मागितलं, वस्तूचं वर्णन विचारलं.

“राणी आहे,” दादा म्हणाले.

“रंग सांगा, लांबी-रुंदी सांगा.”

दादांना काही सुचेना. शेवटी कोरक्यानं पुढे होऊन नाकाची उंची, कपाळाची रुंदी, डाव्या भुवईवरचा पटाशीचा चुकलेला घाव, सगळं सांगितलं. बाई आत गेली आणि छत्र्या, पट्टे, मुलांच्या पाण्याच्या बाटल्या यांच्या ढिगातून एक पारदर्शक पिशवी घेऊन आली. दादांनी पिशवीतूनच राणीच्या गालावरून अंगठा फिरवला. मग पाठ वळवून ते बराच वेळ खोकले.

पेटी पुन्हा उघडून राणी तिच्या डब्यात गेली. या खेपेला डब्याशेजारी बॅटरी नव्हती. जावईबापूंनी तपासणीवाल्यांना आधीच जाऊन सांगितलं, आत शिसं आहे, बाहुली आहे, पाहून घ्या. त्यांनी पाहून घेतलं. इतकं सोपं होतं.

पेटी पट्ट्यावरून आत गेल्यावर दादा काकांच्या शेजारी येऊन बसले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“सुईताईला परत बोलावू,” ते म्हणाले. “परत आलो की. म्हणू, डोकं कार्यशाळेतच सापडलं, फळीच्या मागे पडलं होतं. झालं गेलं. घरातली गोष्ट घरात राहील.”

“फळीच्या मागे म्हटलं, तर तिनं ते डब्यात ठेवलंच नाही असं होईल.”

“चोरीपेक्षा वेंधळेपणा बरा ना?”

“ती वेंधळी नाही, दादा.”

“अहो, पण जावईबापूंचं काय? चार मंडळ्यांत तोंड दाखवायचंय त्यांना.”

“तिलाही दाखवायचं होतं,” काका म्हणाले.

दादांचा शब्द त्यांनी आजवर कधी मोडला नव्हता. मोडायची वेळ येईल असं काही ते बोलतच नसत. पण त्यांनी पिशवीतून कागद आणि ते तिकीट लावलेलं पाकीट काढलं, मांडीवर पुस्तक ठेवलं, पुस्तकावर कागद ठेवला आणि लिहायला लागले. दादा शेजारी बसून बघत राहिले. थोड्या वेळानं उठून गेले.

पत्र फार लांबलं नाही. ‘चि. सुईताईस,’ त्यांनी लिहिलं, ‘तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तू विचारलंस, मी राणीचं डोकं पाहिलं का. नाही, कापसामुळे मला ते दिसलं नव्हतं. पण तू ते ठेवलं होतंस, हे आता मी सांगू शकतो, आणि दादांना तोंडावर सांगितलं आहे. डोकं आज विमानतळावर मिळालं.’ पुढे पेटी कोणी उघडली, का उघडली आणि डोकं कुठे राहिलं, ते सगळं होतं. शेवटी होतं, ‘हे पत्र तू कोणालाही दाखव. जिथे जिथे तुझ्याबद्दल वेडंवाकडं बोललं गेलं, तिथे मी स्वतः येऊन सांगायला तयार आहे. मला नीट बोलता येईल की नाही, ते मात्र सांगता येत नाही.’

सही करताना समोर सावली पडली. जावईबापू उभे होते.

“माझ्याबद्दल लिहिलंत?”

“लिहिलंय.”

“सगळं?”

“सगळं.”

जावईबापूंनी कागदाकडे पाहिलं. “मग बॅटरी तुमची होती, ती पेटीत तुम्हीच ठेवायला लावली होतीत, तेही लिहा.”

“तेही लिहिलंय,” काका म्हणाले. “तुमच्याबद्दल लिहिण्याआधी.”

जावईबापू कसनुसं हसले. मग त्यांनी हात पुढे केला. “पेन द्या.” काकांच्या सहीखाली त्यांनी उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या. काय लिहिताहेत ते काकांनी पाहिलं नाही. पत्र दुमडताना मात्र ‘माफ’ एवढा शब्द दिसला, आणि तो शपथेवर सांगता येण्याइतका स्पष्ट दिसला.

दादा लांबून हात हलवत होते. “काका! चला, सगळे आत निघालेत! परतल्यावर टाका ते पत्र!”

तपासणीच्या रांगेच्या अलीकडे, वर्तमानपत्रांच्या दुकानाला लागून टपालपेटी होती. काकांनी पाकिटाची कड जिभेनं ओली केली, नीट दाबून चिकटवली, आणि दादांच्या दिशेनं न जाता ते उलट्या बाजूला चालू लागले. पाकीट फटीत अर्धं गेल्यावर त्यांचा हात नेहमीसारखा थांबला. काही चुकीचं लिहिलंय का? एखादा शब्द जास्त? एखादा कमी?

मागून दादांनी पुन्हा हाक मारली. काकांनी पाकीट सोडून दिलं. आत ते इतर पत्रांवर पडल्याचा आवाज आला.